सुकवारोची भिंत

धान उठलं की आमच्या कुम्हारीच्या रस्त्यावर विटांचे ट्रॅक्टर सुरू होतात. मोकळ्या झालेल्या शेतांत भट्टे लागतात. भुशाचा धूर संध्याकाळी खाली बसतो आणि दोरीवरच्या लुगड्यांना त्याचा वास लागतो. पूस-माघ हे घरं बांधायचे दिवस. पावसात बांधता येत नाही, उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. ज्याला बांधायचं त्याने आता बांधावं. लोकांना या थंडीत तिळाचे लाडू आठवतात. मला एका बाईचं घर आठवतं आणि पोटात जळतं. या वयात बरंच काही पचत नाही, पण हे जळणं पचनाचं नाही.

ती बाई म्हणजे सुकवारो. बालोदच्या पुढे एका गावात राहते. तिच्या घराची मागची भिंत माझ्या नवऱ्याने बांधली. एकट्याने, पायापासून वरपर्यंत. आणि मी ज्या घरात बसून हे लिहिते आहे त्या घरात त्याने स्वतःच्या हाताने लावलेली एक वीट नाही.

आता तो नाही. त्याला जाऊन दुसरा पावसाळा उलटला. म्हणजे आता लावणारही नाही.

परवा सकाळी मी भाजी निवडत होते आणि सुकवारोचा फोन आला. आधी थंडीचं बोलली, मग गुडघ्यांचं बोलली, मग म्हणाली, "दीदी, पाछू के भिथिया फाट गे हे." मागची भिंत फाटली. वरपासून खालपर्यंत भेग पडली आहे. तिच्या मुलाला तसंही घर वाढवायचंच आहे. त्याने आणलेला मिस्त्री म्हणतो, भिंतीत दम नाही, पाडून टाकू. सुकवारो म्हणाली, "दादा बनाय रहिस, तेकर सेती पूछत हंव." दादाने बांधली होती म्हणून तुला विचारते.

मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला.

पहिल्यांदा मनात काय आलं तेही सांगून टाकते. बरं झालं, असं आलं. पडू दे. मला नाही तर तिलाही नाही.

पण ती भेग नाही, हे मला माहीत आहे. जगात आता फक्त मलाच माहीत आहे. एक वाक्य बोलले तर भिंत राहते, नाही बोलले तर जाते. दोन दिवस झाले, मी बोललेली नाही.

माझा नवरा भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीचा मिस्त्री होता. लोखंड वितळतं ती भट्टी आतून विटांची असते. त्या विटा वेगळ्या, आग सोसणाऱ्या, दिसायला पिवळट, हातात जड. साध्या घराच्या भिंतीत दोन विटांच्या मध्ये सिमेंट-वाळूचा बोटभर मसाला असतो. भट्टीत तसं चालत नाही. तिथे विटेला वीट घासून बसवायची, मध्ये मसाला फक्त नावाला. सांध्यात नख शिरलं की वीट उपटून पुन्हा बसवायची. असं काम त्याने जन्मभर केलं. घरी आला की जेवताना पोळ्यांच्या कडा एकमेकींना जुळवून ठेवायचा. मी म्हणायचे, "जेवा, भट्टी नाही हाय ते."

राहायला कंपनीचं क्वार्टर. सेक्टरमधल्या त्या क्वार्टरची भिंत कंपनीची, रंग कंपनीचा, नळ गळला तर कंपनीच्या माणसाला बोलवायचं. लेकरं तिथे झाली, मोठी झाली, निघून गेली. शेजारी बदलले. मी त्या भिंतीत एक खुंटी ठोकली तर नवरा म्हणाला, "परत करताना भरून द्या लागन." सबंध संसार मी परत करायच्या भिंतींमध्ये केला. कुम्हारीला त्याने जागा घेऊन ठेवली होती. दिवाळीनंतर आम्ही स्कूटरवर बसून ती जागा बघायला यायचो. बाभळी उगवलेल्या, कोणाच्या तरी शेळ्या चरत असलेल्या. मी शेळ्या हाकलायचे. तो म्हणायचा, "रिटायर झालो का मी सोता बांधीन. ठेकेदार-बिकेदार काही नाही. नख नाही शिरणार अशी भिंत देईन तुले."

मी माहेरी चौथी शिकलेली, पण हे वाक्य मला तोंडपाठ होतं.

रिटायर झाला. मुलाने भिलाईतच दोन खोल्या भाड्याने घेऊन दिल्या. मग कारखान्यातल्या त्याच्यासारख्या निवृत्त लोकांनी एक मंडळ काढलं. पावसात ज्यांची मातीची घरं बसली अशा गावांत जायचं आणि थंडीत त्यांना पक्की घरं बांधून द्यायची. सगळं फुकट. आपलं पांघरूण आपण न्यायचं, शाळेच्या वऱ्हांड्यात झोपायचं. पहिल्या थंडीत तो गेला आणि परत आला तेव्हा पाच वर्षांनी लहान दिसत होता. दुसऱ्या थंडीत गेला. तिसऱ्या थंडीत गेला. कुम्हारीच्या बाभळी माझ्यापेक्षा उंच झाल्या.

मला आता कळतं, तिथे तो मिस्त्री दादा होता. सकाळी चार माणसं त्याच्याकडे बघून काम सुरू करायची. घरी तो रिकामा म्हातारा होता, ज्याला मी सिविक सेंटरच्या बाजारात कोथिंबीर आणायला पाठवायचे आणि जुडी शिळी आणली म्हणून बोलायचे. कोणताही माणूस तिकडेच जाईल. कळतं, पण कळून जळणं थांबत नाही.

मग एका थंडीत मी म्हटलं, "मी बी येतो."

"तू काय करशीन तिथं?"

"स्वयंपाक करीन. आन् पाहीन, कोणासाठी एवढं मरून राहिले तुमी ते."

ती थंडी अजून माझ्या अंगावर येते. सकाळी शाळेच्या मैदानात दव असायचं, चप्पल ओली व्हायची. हातपंपाचं पाणी मात्र कोमट. दूरवर कुठेतरी भट्टा लागलेला, त्याचा धूर आणि चुलीचा धूर एकत्र व्हायचे. विटा कामाला लावायच्या आधी पाण्याच्या टाकीत भिजवायच्या असतात. कोरडी वीट पाण्यात सोडली की सूं करते, बुडबुडे सोडते आणि मग गप्प होते. मला तो आवाज आवडायचा. दोनच दिवस मी स्वयंपाक केला. मग वांगी कापायचं काम दुसऱ्या बायकांना दिलं आणि टाकीजवळ जाऊन उभी राहिले. माझा नवरा जिथे लावतो तिथे विटा मीच देणार, असं मी सांगून टाकलं. कोणी काही म्हटलं नाही. माझं तोंड बघितलं असेल.

घर सुकवारोचं होतं. तिचा नवरा आधीच गेलेला, मुलगा कामाला रायपूरकडे. आदल्या पावसात तिची मातीची भिंत रात्रीतून बसली आणि ती शेजारणीच्या परसात राहत होती. मंडळाने घराच्या बाजू वाटून घेतल्या. मागची भिंत माझ्या नवऱ्याकडे आली.

सुकवारो बारीक, काळी, माझ्याहून थोडी लहान. हातात जाड कडी, कपाळावर गोंदलेलं. एक मिनिट बसायची नाही. विटा वाहायची, वाळू चाळायची, मधेच पळत जाऊन शेतातून कोवळी भाजी खुडून आणायची. आम्ही तिला लाखोळी म्हणतो, ती तिवरा म्हणायची. तिखट-लसूण घालून अशी करायची की माझा नवरा दुसऱ्यांदा मागायचा. माझ्या हातची तीच भाजी इतकी वर्षं खाल्ली, दुसऱ्यांदा मागितलेली मला आठवत नाही.

संशय वेगळा आणि हेवा वेगळा. संशय मला कधी आला नाही. त्या वयात, त्या गुडघ्यांवर कोण संशय घेणार? मला हेवा वाटला तो भिंतीचा. तो एकेक वीट उचलायचा, उलटीपालटी करून बघायचा, कडा बोटाने चाचपायचा, पसंत नाही पडली तर बाजूला ठेवायचा. लग्नाला मुलगी बघताना त्याने मला एवढं बघितलं नव्हतं. बाकीच्या तीन भिंती खिडकीच्या वर गेल्या तरी त्याची कमरेला होती. मंडळाचे प्रमुख येऊन म्हणायचे, "दादा, साधं घर आहे, एवढं बारीक काम कशाला?" तो हसायचा आणि सांध्याला नख लावून बघायचा. साध्या विटा त्या, वाकड्यातिकड्या. त्यांना घासून घासून त्याची बोटं सोलली. संध्याकाळी मी खोबरेल लावून द्यायचे आणि मनात म्हणायचे, दुसरीच्या भिंतीसाठी सोललेल्या बोटांना तेल मी लावते आहे.

एकदा सुकवारो शेजारणीच्या घरची जमीन लिपत होती. अख्ख्या खोलीत कुठे हाताचा वळ दिसत नव्हता. तो दारात थांबून बघत राहिला आणि मला म्हणाला, "पाह्य, हात असा पाह्यजे."

मी म्हटलं, "मले जमीन दिली का कधी तुमी, लिपाले?"

तो भिंतीकडे वळला. पुढच्या विटेसाठी हात पुढे केला, मी वीट दिली. जरा जोरातच दिली.

आता त्या फटीचं सांगते.

भट्टी तापली की वीट फुगते. फुगायला जागा ठेवली नाही तर भिंत भिंतीला ढकलते आणि भट्टी फुटते. म्हणून भट्टीचे मिस्त्री मधे मधे बोटभर उभी फट सोडतात. ती सरळ राहावी म्हणून तिच्यात पुठ्ठा घालतात. आग लागली की पुठ्ठा जळून जातो, फट राहते. हे सगळं तो घरी सांगायचा, कारखान्यातली दुसरी गोष्ट त्याच्याजवळ नव्हतीच. त्या दुपारी बाकीचे जेवायला गेले होते. तो म्हणाला, हा थर संपवून येतो. मी वीट दिली, त्याने लावली. मग वळून म्हणाला, "तो बिस्किटाचा खोका हाय ना, फाडून देजो."

मला वाटलं टेकवायला पाहिजे असेल. मी पुठ्ठा फाडून दिला. त्याने तो भिंतीत उभा बसवला आणि दुसऱ्या बाजूने वीट लावली. मी बघितलं, त्याच्या खालीही पुठ्ठा होता. त्याच्याही खाली होता. पहिल्या थरापासून, मी टाकीकडे वळले की, तो पुठ्ठा घालत आला होता. बाकीच्यांचं लक्ष नव्हतं आणि त्याचं स्वतःचंही नव्हतं.

मी कमरेवर हात ठेवले. "अवो, घर बांधून राहिले का भट्टी?"

तो थांबला. भिंतीकडे बघितलं, हातातल्या पुठ्ठ्याकडे बघितलं. त्याचं तोंड शाळेतल्या पोरासारखं झालं.

"हात सवयीनं चालला वो," म्हणाला.

"सुकवारो काय इथं लोखंड वितळवनार हाय?"

मी हसायला लागले. असं हसणं मला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. टाकीच्या कठड्यावर बसले, पदर तोंडात कोंबला. तोही हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "कोणाले सांगू नोको. थट्टा करतीन सारे."

"पाडा मंग."

"पाडाले दोन दिवस जातीन. अर्धीच्या वर आली. आता वरपर्यंत तशीच नेतो, प्लास्टर मारतो वरून. काही होत नाही तिले."

आणि तसंच झालं. रोज बाकीचे जेवायला गेले की मी खोका फाडायचे आणि तो पुठ्ठा बसवायचा. दोघं चोरासारखे. मंडळातल्या एका बाईने विचारलं, "काकू, तुम्ही दोघं जेवायला उशिरा कावून येता?" मी म्हटलं, "आमाले भूक उशिरा लागते." भिंत पूर्ण झाली, आतून-बाहेरून प्लास्टर झालं, फट झाकली गेली. भिंत सुकवारोची झाली आणि फट माझी राहिली. त्या सगळ्या थंडीतून मी घरी आणलं ते एवढंच.

शेवटच्या दिवसांत सुकवारो पांढऱ्या मातीने भिंती पोतारत होती. मी बाजूला बसून माती कालवत होते. तो खिडकीची कडा साफ करत होता. सुकवारोने हात न थांबवता विचारलं, "तोर घर कइसन हे दीदी?"

तुझं घर कसं आहे. तिने सरळ मनाने विचारलं. जिचा नवरा असा मिस्त्री, तिचं घर कसं असेल, एवढंच तिच्या मनात.

मी खोटं बोलले असं मला अजूनही वाटत नाही. जे इतकी वर्षं बघत होते ते सांगितलं. म्हटलं, कुम्हारीला आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी. स्वयंपाकघरात मोठी खिडकी, सकाळी ऊन सरळ पोळपाटावर येतं. मागे मोरी, तिच्या पाण्यावर अळू आणि केळ. भिंती अशा की सांध्यात नख शिरत नाही.

"बढ़िया हे," सुकवारो म्हणाली.

खिडकीजवळ खरवडायचा आवाज थांबला होता. मी वर बघितलं नाही.

परतताना बसमध्ये तो बाहेर बघत होता. बालोद मागे पडलं. शेतांत ठिकठिकाणी भट्टे पेटलेले. मग म्हणाला, "ते खिडकी कोन्या बाजूनं म्हणत होती तू?"

मी म्हटलं, "तिच्या घरात हाय त्या बाजूनं नोको."

आमचं घर झालं. पण सुकवारोकडून परतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले. आधी चहा सांडायचा, मग मसाला लावायची करणी हातात धरवेना. पुढच्या थंडीत मुलाने ठेकेदार लावला. नवरा प्लास्टिकच्या खुर्चीवर मफलर बांधून बसायचा आणि मिस्त्र्यांवर ओरडायचा. "सांधा किती जाड करून राहिला गा! काय बांधून राहिला, वीट का मसाला?" ते हो-हो म्हणायचे आणि जाड सांधेच करायचे. एकदा तो उठला, थरथरत्या हाताने वीट उचलली. वीट पायावर पडली. मग खुर्चीवरच बसायला लागला.

खिडकी मात्र त्याने भांडून माझ्या म्हणण्याप्रमाणे करवली. सुकवारोची खिडकी पूर्वेला, म्हणून माझी दुसऱ्या बाजूला. त्या बाजूला हायवे आहे. ट्रक गेला की पोळपाटावर ऊन नाही, धूळ येते. मी कोणाला तक्रार करत नाही. मागितलं ते मिळालं.

परवापासून मी या जाड सांध्यांकडे बघत बसले आहे. प्लास्टरखाली दिसत नाहीत, पण मला माहीत आहेत. आणि तिकडे ती भिंत. वाळवीने पुठ्ठा खाल्ला असेल, आत पोकळ झालं असेल, प्लास्टर सरळ रेषेत तडकलं असेल. कोणीही बघेल तर भेगच म्हणेल. मी गप्प राहिले तर ते घण आणतील. त्याचं नख लागलेले सगळे सांधे दुपारपर्यंत जमिनीवर. मग माझ्याकडे नाही आणि तिच्याकडेही नाही, हिशेब बरोबर. आणि बोलले तर भिंत तिची राहील, वर आणखी त्या दुपारी तिला मिळतील. बिस्किटाचा खोका मिळेल. त्याचं ते शाळेतल्या पोरासारखं झालेलं तोंडही मिळेल. माझ्याजवळ जे होतं तेही तिलाच द्यायचं.

आज सकाळी एक ट्रॅक्टर आमच्याच गल्लीत शिरला. समोर कोणाची तरी खोली वाढवायची आहे. मजुरांनी विटा उतरवायला सुरुवात केली, फेकत होते. एक वीट फुटली, दुसरी फुटली. मला ते ऐकवेना. मी आत आले आणि फोन लावला.

"ती भेग सरळ आहे का वाकडी?" मी विचारलं. तिच्याशी मी हिंदीतच बोलते, इथे आपलं लिहिते.

"सोझ हे दीदी. सूत बांधे कस." सरळ, दोरी बांधल्यासारखी.

"मग ती भेग नाही. भेग अशी सरळ जात नाही. फट आहे, आमच्या माणसाने सोडलेली. खरवडून साफ करा, सिमेंट भरा. भिंतीला हात लावायचा नाही. तुझ्या पोराला सांग, वाढवायचं तर पुढून वाढव."

ती गोंधळली. "दादा फट काबर छोड़िस?" का सोडली?

मी सांगितलं. पुठ्ठा सांगितला, खोका सांगितला, भट्टी सांगितली. सगळं सांगितलं, आखडतं काही घेतलं नाही. मग ती हसायला लागली, दात पडलेलं तोंड उघडून हसतात तसं. मधेच मुलाला ओरडून सांगत होती, दादा आमच्यासाठी भट्टी बांधून गेला म्हणून. थांबेचना. मी फोन कानाला धरून बसले होते. मला हसू आलं नाही.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "अतेक दिन ले मोला काबर नइ बताएस दीदी?" इतके दिवस मला का नाही सांगितलंस?

मी म्हटलं, "भिंत तुला मिळाली होती. मला पण काहीतरी पाहिजे होतं."